पान नऊवरची दुरुस्ती

४ सप्टेंबर

चि. खारू हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: ह्यांच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर एक, आजींसाठी गुडघ्याचे पट्टे दोन, माझ्यासाठी कात्री एक, आणि चहाची पुडी, फुटलेली. स्वेटरला किमतीची चिठ्ठी तशीच होती, एकशे नव्वद. कात्रीची किंमत मी दुकानात विचारून आले, पंचावन्न. पट्ट्यांचे अंदाजाने साठ धरले. तिकिटं कमी लावलीस म्हणून पोस्टमनने दंडाचे बारा घेतले, ते वेगळे. म्हणजे महिन्याच्या विद्यावेतनातलं अर्ध्याहून जास्त तू आमच्यावर घातलंस. ते सरकारने तुला वह्या, साबण आणि बसभाड्यासाठी दिलेलं आहे, आमच्या गुडघ्यांसाठी नाही. मी असं बडबडत होते तर आजी म्हणाल्या, "आधी पट्टे बांध, मग तिला ओरड." बांधले. त्यांना बरं वाटतंय. चहा चाळून घेतला.

चष्मेवाल्या सरांनी तुला जळकी मोटर एकटीला उघडायला दिली हे वाचून ह्यांनी ते पत्र छापखान्यात नेऊन दोघातिघांना दाखवलं. यंत्राजवळ जाताना वेणी घट्ट बांधत जा.

आता मुद्द्याचं. तुम्हाला विद्यावेतन देणाऱ्या खात्याची पुस्तिका यंदा ह्यांच्याच छापखान्यात छापायला आली. गरजू मुलामुलींच्या शिक्षणाचं अनुदान कुठे कुठे खर्च झालं ते लोकांना कळावं म्हणून खातं ती काढतं. मुद्रितं ह्यांनीच तपासली. पण मुद्रितात नुसता मजकूर असतो, फोटो मागाहून बसतात. शनिवारी बांधणीत एक प्रत तिरकी कापली गेली, ती ह्यांनी सहज चाळली, तर पान नऊवर तू. टेबलाशी उभी, हातात तारेचं वेटोळं. खाली छापलंय, "या मुलीला जगात कोणी नाही. शासनाच्या अनुदानामुळे तिच्या हाताला काम आणि डोक्यावर छप्पर मिळाले."

प्रत माझ्यापुढे ठेवून हे हातपाय धुवायला गेले ते लवकर आलेच नाहीत. जेवायला पानावर बसल्यावर म्हणाले, "ती ओळ माझ्या नजरेखालून गेली होती. काना, मात्रा, सगळं बरोबर होतं. म्हणून सोडली."

आजी म्हणाल्या, "जगात कोणी नाही म्हणे. मग आपण काय चंद्रावर राहतो?"

तुझा यात काही दोष नाही हे मला माहीत आहे. फोटोवाल्याने एकीची ओळ दुसरीला लावली असणार. पण ह्या घरात छापलेली चूक तशी सोडायची पद्धत नाही. मी दुरुस्ती लिहिली, ह्यांनी तपासली. "पान ९, छायाचित्राखालील ओळ. 'या मुलीला जगात कोणी नाही' याऐवजी 'या मुलीस मावशी, काका व आजी आहेत. आई वारल्यापासून ती त्यांच्याच घरी व त्यांच्याच खर्चाने वाढली' असे वाचावे." एक प्रत खात्याला, एक तुमच्या प्राचार्य बाईंना. दोन्ही आज सकाळीच टाकल्या.

पुढच्या वेळी पार्सल नको. पत्र पाठव.

तुझी मावशी


९ सप्टेंबर

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पत्र जेवणाच्या सुट्टीत मिळालं. दंड पडला ती माझी चूक. पार्सल मी तार तोलायच्या काट्यावर तोललं होतं. आता वाटतं, तो काटा सगळंच हलकं दाखवतो.

मावशी, दोन्ही पत्रं खरंच टाकलीस का? खात्याला टाकलंस ते कुठल्या पत्त्यावर, पुस्तिकेच्या मागे छापलाय त्या? काकांची पोस्टात ओळख आहे ना, मागे फिरवता येतं का ते बघायला सांग. अशा पुस्तिका कोणी वाचत नाही गं. कपाटात पडून असतात. छापलेल्या एका ओळीने काय होतं?

आणि कोणी घरी विचारायला आलंच तर फार बोलू नका. आजींना आतच बसू दे.

मी उघडलेली मोटर पाण्याच्या पंपाची होती. जुनी तार काढली, खाचा खरवडल्या, नवीन वेटोळी बसवली, रोगण दिलं. काल सरांनी वीज जोडली. ती फिरली. सर म्हणाले, "कान दे. नीट भरलेली मोटर गुणगुणते, घाईत भरलेली कुरकुरते." माझी गुणगुणली. काकांना सांग.

पत्रांचं काय झालं ते मात्र लगेच लिही.

तुझी
खारू


२० सप्टेंबर

चि. खारू हिस आशीर्वाद.

छापलेल्या एका ओळीने काय होतं, हे तू ह्या घरात वाढून विचारावंस? तुझं पत्र मी ह्यांना पूर्ण वाचून दाखवलं नाही. मोटरचं तेवढं वाचलं.

कोणी आलं तर बोलू नका, आजींना आत बसवा. का गं? आम्ही कोणापुढे उभं राहण्यासारखे नाही? घर दोन खोल्यांचं आहे, ह्यांच्या बोटांची शाई घासून जात नाही, आजी तोंडाच्या फटकळ आहेत, हे सगळं खरं. तिथल्या मैत्रिणींपुढे आम्ही नसलेलेच बरे वाटत असू तर तसं सरळ लिहायचं होतंस. मला वाईट वाटलं असतं, पण समजलं असतं.

असो. तू नको म्हणालीस आणि नेमके सोमवारी खात्याचे तपासनीस आले. वयस्कर गृहस्थ, घामाघूम झालेले, एका बुटाचा तळ सुटत आलेला. आपली दुरुस्ती मनावर घेऊन माणूस इतक्या लांब पाठवला, ह्याचंच मला कौतुक वाटलं. खुर्ची पुसून दिली. तुझी खाट, तुझं पुस्तकांचं फळकूट, शाळेतली प्रगतिपुस्तकं, सगळं दाखवलं. त्यांनी विचारलं, "हिचा खर्च कोण करत आलं?"

आजी आतून म्हणाल्या, "आम्हीच. नाही तर काय सरकार?"

ते मान खाली घालून लिहीत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मुलगी तुमच्यावर अवलंबून आहे, असं लिहू?"

मी म्हटलं, "अवलंबून कसली? आमचीच आहे ती. तसंच लिहा."

त्यांनी पेन थांबवलं. "बाई, विचार करून सांगा."

मला रागच आला. म्हटलं, "यात विचार कसला करायचा?"

मग त्यांनी सही मागितली. मॅट्रिकच्या पेपरातही काढलं नसेल इतक्या चांगल्या अक्षरात मी सही केली. चहा त्यांनी अर्धाच घेतला. दारात म्हणाले, "मुलगी हुशार आहे, असं तिथले सर सांगत होते." मी म्हटलं, "आहेच." जिना उतरताना ते दोनदा थांबले. बुटामुळे असेल.

तेव्हा आता तुझ्या नावापुढे आम्ही आहोत हे सरकारदरबारी नोंदलं गेलं. तुला आवडो न आवडो.

थंडी सुरू होईल. अंगावर घेऊन निजत जा.

मावशी


६ ऑक्टोबर

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं.

माझी जागा गेली. तपासनिसांचा अहवाल आला आणि सोमवारी बाईंनी मला खोलीत बोलावून तो वाचून दाखवला. "आमचीच आहे ती" हे तुझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहिलंय. ते मी बाईंना पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुझी मावशी भली बाई आहे. पण तिने तुला बुडवलं."

मावशी, ती ओळ चुकून छापलेली नव्हती. ती मीच दिलेली होती.

आमची तुकडी ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशांसाठीच आहे. सरकार माणशी अनुदान देतं ते तेवढ्यासाठी. गेल्या वर्षी काकांची छापखान्यातली पाळी कमी झाली तेव्हा तू आणि काका स्वयंपाकघरात बोलत होतात. तू म्हणत होतीस, "तिचं पुढचं शिक्षण आता देवावर." मी बाहेर दळण निवडत होते. दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या समाजसेविका बाईंकडे गेले. त्यांनी अर्ज काढून दिला. पालकाच्या रकान्यापाशी मी थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दत्तकाचे कागद केलेत का? नाही ना? मग कायद्याने तुला कोणी नाही." मी तसं लिहिलं. तुला विचारलं असतं तर तू लिहू दिलं नसतंस. फोटोवाला आला तेव्हा त्याने अर्जातलंच वाचून घेतलं.

मला तुमची लाज वाटली असं तू लिहिलंस. त्याला मी काय उत्तर देऊ?

तू म्हणशील की बांगड्या मोडून फी भरू. पैसे भरून इथे शिकता येत नाही. बाहेर जिथे भरून शिकता येतं तिथली वर्षाची फी काकांच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी आहे, आणि तिथे मुली घेत नाहीत. इथे अजून पाच महिने काढले की प्रमाणपत्र मिळतं. सरांनी एका मोटर दुरुस्तीच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवलाय. महिनाअखेरपर्यंत सर मला कार्यशाळेत मागच्या टेबलाशी उभं राहू देतात. हजेरीत नाव नाही. चौकशी संपेपर्यंत सगळ्या तुकडीच्या अनुदानाचा पुढचा हप्ता थांबलाय, आणि ते कशामुळे ते मुलींना माहीत आहे.

प्राचार्य बाईंनी एकच वाट सांगितली. सोबत मसुदा आहे. त्यावर तुमची दोघांची सही लागेल, आणि काकांना तो स्वतः इथल्या कार्यालयात आणून द्यावा लागेल. तो वाचून तुला माझा तिटकारा आला तरी मी समजेन. पण मावशी, मला हे काम येतं. मला ते पुरं करायचंय.

खारू

(मसुदा: "सदर मुलीस आम्ही केवळ ओळखीपोटी काही काळ आसरा दिला होता. ती आमची कुटुंबीय नाही. पूर्वीचा जबाब भावनेच्या भरात दिला होता, तो मागे घेत आहोत. प्रशिक्षण संपेपर्यंत आमच्याकडून तिला कोणतीही मदत होणार नाही व पत्रव्यवहारही राहणार नाही.")


१२ ऑक्टोबर

चि. खारू हिस आशीर्वाद.

सही केली. दोघांनीही.

आधी मी नाहीच म्हटलं होतं. देवापुढे मी आजवर फार काही मिरवलेलं नाही. उपास मला सोसत नाहीत, जपाला बसले की डुलकी लागते. खोट्यावर सही करायची नाही, एवढं एक मात्र सांभाळलं होतं. दोन दिवस तो कागद देवाच्या फळीवर तसाच होता. तिसऱ्या दिवशी आजींनी तो उचलून माझ्या पुढ्यात टाकला. म्हणाल्या, "कर सही. पोरीचं पोट आहे त्याच्यावर. देव काय सरकारी कारकून आहे, सह्या ताडून बघायला?" मग आत जाऊन पडल्या, आणि संध्याकाळी जेवायला उठल्या नाहीत.

ह्यांनी चांगल्या कागदावर उतरवून काढला. सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन तपासायला बसले. 'कुटुंबीय'पाशी पेन्सिल बराच वेळ टेकलेली होती. मी विचारलं, "काही चुकलंय का?" म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे."

दळण निवडताना तू ते ऐकत होतीस. 'देवावर' म्हणजे मी हात झटकले असं नव्हतं गं. मी तेव्हा खरोखरच देवाला सांगत होते. तू त्याच्या आधी उठलीस आणि गेलीस. तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार नाही. रागावले आहे. पण तो हिशेब तू घरी आल्यावर.

हे गुरुवारी सकाळच्या गाडीने येतील. तू समोर आलीस तरी ओळख दाखवू नकोस. पाया पडायला वाकू नकोस, तुला सवय आहे म्हणून आधीच सांगते. त्यांनाही बजावलंय. त्यांना खोटं बोलायला जमत नाही, म्हणून घरी मी कारकून होऊन त्यांना प्रश्न विचारले. पहिल्या दोन वेळा ते अडखळले.

सरांच्या घरचा पत्ता तू मागे एकदा दिला होतास, तो माझ्याकडे आहे. हे पत्र त्याच पत्त्यावर टाकते. कार्यालयात माझं अक्षर आता ओळखतात.

मावशी


२८ ऑक्टोबर

चि. खारू हिस आशीर्वाद.

पत्रव्यवहार राहणार नाही असं लिहून दिलं, त्याला अजून पुरता महिनाही झाला नाही आणि मी पुन्हा लिहायला बसले आहे. देवाला सांगून बसले आहे. हेही सरांच्या घरीच पाठवते. त्यांना माझा नमस्कार सांग आणि त्रासाबद्दल क्षमा माग.

हे घरी आले. टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायले, म्हणाले, "दिला." एवढंच. मग रोज थोडं थोडं निघतंय. जेवताना एक वाक्य, दिवा मालवताना एक. मी जोडून घेते.

फाटकातून आत आले तर अंगणात तारांची भेंडोळी पडलेली. कुठून जावं कळेना म्हणून उभे राहिले. तेवढ्यात तू आलीस. हाताला काळं लागलेलं, वेणी घट्ट बांधलेली. म्हणालीस, "कोणाकडे जायचंय?" हे म्हणतात, आवाज अगदी परक्या माणसाशी बोलावं तसा होता, नम्र. मी पढवलेलं सगळं ते विसरले. तूच म्हणालीस, "कार्यालय ना? या. इथे वायर आहे, जपून." त्यांच्या कोपराला हात धरून पलीकडे नेलंस. जिन्याला कठडा नाही हेही सांगितलंस. कोणी पाहिलं असतं तर कोणाही म्हाताऱ्याला ती असंच नेते असं वाटलं असतं. हे म्हणाले, "फार चांगली वागली. कोणाला काही कळलं नाही." ह्याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मी विचारलं नाही.

तू लगेच निघून जायला हवं होतंस. कार्यालयाच्या दारात थांबलीस ते का, हे मला कळतं, पण थांबायला नको होतंस. कारकुनाने कागद वाचला, वर पाहिलं, आणि तुझ्याकडे बोट करून ह्यांना विचारलं, "ही मुलगी तुमची कोण?"

हे म्हणाले, "कोणी नाही."

कारकून म्हणाला, "जरा मोठ्याने. आत साहेबांना ऐकू जायला हवं."

ह्यांनी मोठ्याने सांगितलं.

वळून पाहिलं तेव्हा दारात तू नव्हतीस. हे खाली उतरले. फाटकापाशी थोडे रेंगाळले, मग गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. येताना स्टेशनवर उलट्या दिशेच्या गाडीत बसले आणि पुढच्या गावाहून परत आले. गेली तीस वर्षं हा माणूस गाडी चुकलेला नाही.

आता छापखान्यात जातात, येतात. काल एका लग्नपत्रिकेत ह्यांच्या नजरेतून मुलीच्या बापाचं नावच सुटलं. मालकांनी चालवून घेतलं, जुना माणूस म्हणून. आजी दिवसातून एकदा विचारतात, "टपाल आलं का?" मी म्हणते, "येणार नाही असं ठरलंय." त्या म्हणतात, "ते मला माहीत आहे. आलं का ते विचारलं."

कागद देऊन दोन आठवडे होत आले. जागा परत मिळाली की नाही, हप्ता सुटला की नाही, आम्हाला काही कळलेलं नाही, आणि विचारायचं तरी कोणाला? कार्यालयात विचारावं तर, तुमचा काय संबंध, म्हणतील. आमच्या सहीने म्हणतील.

सकाळी देवापुढे बसते. तुझी जागा मिळू दे, एवढंच मागते. मिळाली तर मार्चपर्यंत तुझं अक्षर दिसायचं नाही, तेही मान्य करून मागते. पण मागून झालं की तिथेच बसून राहते, आणि खालच्या जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं की आधी तुझ्या खाटेकडे बघते. चादर बदललेली आहे. हे देवाला दिसत असणारच. दोन्हीपैकी त्याने कुठलं ऐकलं ते मला कळायला हवं, नाही तर उद्या काय मागायचं हे ठरत नाही.

जास्त लिहू नकोस. साधं कार्ड घे, वर कोणाचं नाव नको, खाली तुझं नको. जागा मिळाली असेल तर तेवढंच लिही, आणि मग प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत आम्हाला विसर. मिळाली नसेल तर गाडीची वेळ लिही, हे स्टेशनवर येतील. जे असेल ते उलट टपाली कळव.

मावशी